गारव्याचं विरजण

चंद्रपुरात उन्हाळ्याबद्दल तक्रार करणं हा पाहुण्यांचा उद्योग. गावातली माणसं तक्रार करत नाहीत, फुशारकी मारतात. पुण्यात चाळीस झालं की वर्तमानपत्रात फोटो येतो, आमच्याकडे चाळीसला लोक लग्नाची तारीख धरतात, असं म्हणायची इथली जुनी खोड. पण त्या वर्षी नवतपा लागला आणि ती फुशारकीही आटली. नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की येणारे नऊ भाजके दिवस. पंचांगात ते अजून नऊच होते, पण सूर्याने पंचांग बघणं सोडून बरीच वर्षं झाली होती. होळीची राख निवायच्या आत ऊन तापायला लागलं, आणि मे उजाडेपर्यंत गल्लीतल्या चिमण्यांची पिल्लं घरट्यातच वाळून गेली.

ज्योत्स्नाबाई मुनघाट्यांनी मात्र आपला दुपारचा नेम मोडला नव्हता. जेवणं आटोपली, नवऱ्याचं तोंड पुसून झालं, की त्या पलंगाशेजारी खुर्ची ओढायच्या, चष्मा लावायच्या आणि कालच्या खुणेपासून पुढे वाचायला लागायच्या. पलंगाखाली बुवा नावाचा म्हातारा कुत्रा पोट फरशीला चिकटवून पडलेला असायचा. देवळात भजन सुरू झालं की हा गल्लीतून सूर लावायचा, म्हणून त्याचं नाव बुवा. ठकी नावाची मांजर कपाटाच्या डोक्यावर बसून या तिघांकडे भाडेकरूंकडे बघावं तशी बघत असायची.

वाचन हे खरं तर हेमराजरावांचं खातं. भूगोलाचे प्राध्यापक, पण भूगोल सोडून बाकी सगळं जास्त वाचलेले. मोठ्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी फळ्या ठोकून पुस्तकांनी भरली होती. ज्योत्स्नाबाई आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायच्या आणि पुस्तकांना सवत म्हणायच्या. "लोकांच्या बायकांना एकच सवत असते, मला दर महिन्याला पार्सलने नवीन येते," हा त्यांचा ठरलेला विनोद होता. मग हेमराजरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एवढ्या बोलक्या माणसाच्या तोंडात चार शब्द उरले: हो, नको, दे आणि वाच. पहिल्यांदा त्यांनी 'वाच' म्हटलं तेव्हा ज्योत्स्नाबाई स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडल्या, आणि परत येऊन हाताला लागलं ते पुस्तक उघडून वाचायला बसल्या. तेव्हापासून सवतीशी त्यांची गट्टी जमली.

हल्ली एक जाडजूड कादंबरी चालू होती. कोकणातल्या एका खलाशाची बायको आणि समुद्रावरून न परतलेलं गलबत. चंद्रपुरात बसून समुद्राचं वाचायचं म्हणजे उपाशी माणसाने श्रीखंडाचं वर्णन ऐकण्यासारखं, पण हेमराजरावांना ते आवडत होतं. रंगात आले की त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलायची.

त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कूलरमध्ये पाणी घालायला बंदी होती, आणि ऐन दुपारी वीज नसायची. गावातल्या शाळांत थंड हॉल उघडले होते. पण तिथे पलंगाला खिळलेल्या माणसाला न्यायचं कसं, आणि जनावरांना तर दारातूनच परत पाठवत. ऋताला आईबाबांची ही काळजी होती. ही त्यांची एकुलती एक लेक नागपूरच्या एका प्रयोगशाळेत बुरशीवर संशोधन करायची. हे पाहुण्यांना सांगताना ज्योत्स्नाबाईंना अजूनही जरा अवघडल्यासारखं व्हायचं. ज्या गोष्टीपायी आपण लोणच्याची अख्खी बरणी फेकून देतो, त्याच गोष्टीत पोरगी डॉक्टर झाली.

एप्रिलमध्ये ऋता स्वतः गाडी चालवत आली आणि तिने खिडकीला एक ताटी बसवली. आपल्या वाळ्याच्या ताटीसारखीच खिडकीच्या मापाची, पण उशीएवढी जाड, करडी-पांढरी, हात लावला तर मांजराच्या पोटासारखी मऊ.

"हे जिवंत आहे?" ज्योत्स्नाबाईंनी हात मागे घेतला.

"हो. पण चावत नाही," ऋता हसली. "माठ कसा थंड होतो, आई? पाणी झिरपून उडून जाते, आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कूलरचंही तेच. पण पाणीच नसलं तर? तर हिचे तंतू एक चीक सोडतात. रात्रीच्या हवेत मे महिन्यातही थोडा ओलावा असतोच, तो हा चीक ओढून धरते. दिवसा ऊन तापलं की तोच ओलावा ती सावकाश सोडते. म्हणून हिचं तोंड रात्री बाहेर करायचं, सकाळी आत. एवढंच काम."

"आणि खायला?"

"आठवड्याला एक पुठ्ठा. झाडाच्या अंगात जो मूळ धागा असते ना, तोच कागदात, लाकडात, कापसात असते. ते हिचं जेवण."

"म्हणजे वाळवीची बहीणच म्हण. आणि तू हिला आणून ठेवली तुझ्या बाबाच्या पुस्तकांसमोर."

"वाळवीला लगाम नसते, हिला आहे. आमच्या पुठ्ठ्यात एक क्षार मिसळलेला असते. तो मिळाल्याशिवाय हिला खाल्लेलं पचतच नाही. पुस्तकाला ती तोंडसुद्धा लावणार नाही." मग ऋताचा आवाज गंभीर झाला. "फक्त एक कर. हिच्यावर पाणी मारायचं नाही. थेंबभरही नाही."

ताटीवर पाणी मारायचं नाही, हे ज्योत्स्नाबाईंना वरणात मीठ घालायचं नाही असं ऐकल्यासारखं वाटलं. "काऊन बाई?"

"पाणी पडलं की हिला वाटेल पावसाळा लागला. मग ती बी धरेल. आतापर्यंत आम्ही हिला कधीच बी धरू दिलं नाही, कारण बियांमध्ये तो लगाम उतरेलच याची खात्री नाही आम्हाला."

"नको म्हणते तर नको," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

ताटी कामाची निघाली, यात शंका नाही. बाहेर पंचेचाळीस असलं तरी खोलीत माणूस बसू शकत होता. हेमराजरावांना झोप लागायला लागली. बुवा पलंगाखालून उठून खिडकीखाली झोपायला लागला. सकाळ-संध्याकाळ ताटी फिरवताना ज्योत्स्नाबाई तिच्याशी बोलायच्याही. "काय बाई, झालं का पाणी पिऊन? चला, आता इकडे तोंड करा."

मग नवतप्याच्या तोंडावर रात्रीसुद्धा लू वाहायला लागली. हवेत ओलावाच नाही तर ताटी बिचारी आणणार कुठून? त्या दुपारी वीज गेली आणि खोली भट्टीसारखी तापली. ज्योत्स्नाबाई वाचता वाचता थांबल्या. हेमराजरावांच्या कपाळावरचा घाम नाहीसा झाला होता. विदर्भातल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही: घाम येतो तोवर चिंता नाही, घाम थांबला की ऊन लागलं. त्यांनी तळपायांना कांद्याचा रस चोळला, छातीवर ओलं फडकं टाकलं. हेमराजराव छताकडे बघत होते, पण काही दिसत असल्यासारखे नाही. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, इकडे बघा ना." ते बघेनात. बुवा उभा राहिला आणि थरथरू लागला.

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची बादली होती, बादलीत तांब्या होता. त्यांनी विचार केला नाही. वाळ्याच्या ताटीवर दुपारी तांब्या-तांब्याने पाणी मारणं हे सासरी आल्यापासून त्यांच्या हाताचंच काम होतं, आणि हाताला ऋताची ताकीद माहीत नव्हती. एक तांब्या, दुसरा, तिसरा. ताटीतून गार झुळूक आली. हेमराजरावांच्या पापण्या हलल्या, नजर फिरत फिरत बायकोवर येऊन थांबली. "हो," ते म्हणाले. कशाला हो, ते देव जाणे. ज्योत्स्नाबाईंनी त्यांचा हात धरला आणि मनात म्हटलं, पोरीला काय कळते, नागपुरात एसीत बसून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पाणी मारलं. मग रोजच मारू लागल्या. आपण प्यायचं पाणी अर्ध्यावर आणलं, ताटीचं कमी केलं नाही.

काही दिवसांनी ताटीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी आल्या. त्या उकलल्या आणि त्यांतून पिठासारखी भुकटी खिडकीच्या चौकटीवर सांडू लागली. कोणत्याही बाईने केलं असतं तेच ज्योत्स्नाबाईंनी केलं. फडक्याने भुकटी पुसली, आणि फडकं खोलीतच झटकलं.

आधी बदलला तो गारवा. एके सकाळी चहा करून त्या मोठ्या खोलीत आल्या आणि अंगावर शहारा आला. शहारा! नवतप्यात! खिडकीकडून नव्हे, भिंतीकडून गार वाटत होतं. त्या पुस्तकांपाशी गेल्या. सगळ्यात खालच्या फळीवरच्या पुस्तकांचे कणे शाबूत दिसत होते, पण एक ओढून काढलं तर ते हातात हलकं लागलं. उघडलं. आत पानं नव्हती. पुठ्ठ्याच्या दोन पाखांमध्ये एक मऊ पांढरा गादीसारखा थर होता, गार आणि जरासा ओलसर, आणि त्यात कुठे कुठे अक्षरांची शाई अजून तरंगत होती. एक अख्खी ओळ वाचता आली, मग तीही बोटाखाली विरघळली.

त्यांना भडभडून आलं. त्या फळीवरची पुस्तकं हेमराजरावांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत घेतलेली होती, स्वतः सायकलवर बांधून आणलेली. आणि त्याच वेळी, हेही खरं, त्यांच्या पाठीला गार लागत होतं आणि ते इतकं बरं वाटत होतं की त्यांना स्वतःची लाज वाटली. पलंगावर हेमराजराव डावा पाय पोटाशी घेऊन शांत झोपले होते. कित्येक दिवसांत नवऱ्याचा असा श्वास त्यांनी ऐकला नव्हता. ज्योत्स्नाबाईंनी ते पुस्तक मिटून पुन्हा जागेवर ठेवलं. मग त्यांनी पलंग फिरवला. डोकं पुस्तकांच्या भिंतीकडे आलं, म्हणजे गार लागेल आणि फळ्या दिसणार नाहीत. चालू कादंबरी तेवढी उचलून त्यांनी स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

बुरशी एक एक फळी चढत गेली. रात्री खिडक्या उघड्या टाकल्या की सगळी भिंत हवा प्यायची, दिवसा गारवा सोडायची. एका ताटीने जे जमत नव्हतं ते आता अख्खी भिंत करत होती. बाहेर डांबर पातळ झालं, आणि आत ज्योत्स्नाबाई हेमराजरावांच्या अंगावर चादर घालायला लागल्या. रोज संध्याकाळी ऋताचा फोन यायचा. रोज त्यांच्या जिभेवर यायचं आणि रोज त्या म्हणायच्या, "छान गार आहे गं. तू चिंता नको करू." सांगितलं तर ती येईल आणि हे काढून नेईल, ही भीती होती.

गारवा काही लपवून राहत नाही. शेजारच्या शुभांगी झाडे दिवेलागणीच्या आधी साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. कडेवर नात होती, इरा, अंगभर घामोळ्यांनी लाल झालेली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"अगं बाई! वयनी, फ्रीजमध्ये राहून राह्यल्या का तुम्ही?"

"ये, आत ये. लेकराला घेऊन बस."

इराला भिंतीजवळ ठेवताच ती दोन मिनिटांत झोपली. शुभांगीबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आठ दिवसांत ही अशी झोपली नाही हो," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे बोट दाखवून दबक्या आवाजात विचारलं, "वयनी, मले देता का याच्यातलं थोडंसं? विरजणाएवढं?"

विरजणाला नाही म्हणायची रीत नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांचं दही ज्योत्स्नाबाईंच्या विरजणाचं होतं. त्याचा त्यांना अभिमानच होता. त्यांनी स्टीलची वाटी काढली, चमच्याने पुस्तकाच्या पोटातला एक पांढरा गोळा काढला आणि वर ताटली झाकून दिली. विरजण देताना सांगतात तसंच सांगितलंही: "जुन्या रद्दीत लाव. एक थर कागद, एक थर हे. हलवायचं नाही." वाटी हातातून जाताना मनात कुठेतरी ऋताचा चेहरा आला. पण शुभांगीबाईंच्या खांद्यावर झोपलेलं ते लेकरू समोर होतं, आणि समोरचं माणूस फोनवरच्या माणसापेक्षा नेहमी मोठं दिसतं.

बुवाला खोकला लागला तेव्हा त्यांना वाटलं, गारठ्याने झालं असेल. त्यांनी त्याला हळद-गूळ दिला. तो भिंतीला पाठ लावून दिवसरात्र पडून राहायचा. म्हाताऱ्या हाडांना गार बरं वाटतं, असं त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग तो खाईना. मग देवळातलं भजन सुरू झालं आणि बुवाने मान वर करून तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही, नुसती हवा निघाली. त्यानंतरच्या सकाळी त्या चहा घेऊन आल्या तर तो भिंतीपाशी ताठ झालेला होता. नाकपुड्यांभोवती पांढरी किनार होती. त्यांनी ती पदराने पुसली, आणि तेव्हाच त्यांना कळलं की हे पांढरं कुठलं आहे.

या वेळी फोन त्यांनी केला. सगळं सांगितलं, पाणी, भुकटी, फळ्या, वाटी. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऋता?"

"आई, आपलं अंग एवढं गरम काऊन असते, माहीत आहे तुला?" ऋताचा आवाज वर्गात शिकवत असल्यासारखा सपाट होता. "जगात लाखो बुरश्या आहेत. झाडाला खातात, किड्याला खातात, बेडकाला खातात. माणसाला, कुत्र्याला त्यांतल्या फार थोड्या लागतात. कारण आपल्या अंगाची ऊब त्यांना सोसत नाही. ते आपलं कुंपण आहे, आई. ताप येते तोही त्याच्यासाठीच. आणि आम्ही काय केलं? चंद्रपूरच्या उन्हात जगावी म्हणून हिला अठ्ठेचाळीस डिग्री सोसायला शिकवलं. तापाचं हिला काय होणार? फुप्फुस म्हणजे हिला गार, ओली जागा आहे."

"औषध असेल ना काही."

"जी आहेत त्यांनी ही मरत नाही. आम्ही प्रयोगशाळेत करून पाहिलं आहे. ही बी धरत नव्हती म्हणून आम्ही निर्धास्त होतो." मग सपाट आवाज फुटला. "बाबाला खोकला आहे का?"

ज्योत्स्नाबाईंनी पलंगाकडे पाहिलं. "परवापासून," त्या म्हणाल्या.

दोघी मायलेकी फोनवर रडल्या. ऋता म्हणाली, मी येते, आणि ज्योत्स्नाबाई इतक्या जोरात 'नको' म्हणाल्या की हेमराजरावांनी डोळे उघडले. ऋता म्हणाली, मग मला वर कळवावं लागेल, गल्ली बंद करतील. बाबाला बाहेर नेऊ नको, दवाखान्यातही नाही. त्याच्या श्वासातून जाईल. भिंत काढून जाळावी लागेल. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "भिंत काढली तर तुझा बाबा संध्याकाळ पाहणार नाही. बाहेर सत्तेचाळीस आहे." ऋता म्हणाली, "माहीत आहे." प्रश्न सुटत नसला की ती लहानपणी वहीवर डोकं ठेवून बसायची, तसंच बसली असेल, असं त्यांना वाटलं. शेवटी तिने एवढंच सांगितलं की ती वाटी परत आण, आणि पुढे कोणाकडे गेली असेल तर तिथलंही. आणि बुवाला पुरायचं नाही.

बुवाला त्यांनी अंगणात जाळलं. बुरशीने सोडून दिलेल्या प्लॅस्टिकच्या जाकिटांचा आणि रेक्झिन चढवलेल्या पुठ्ठ्यांचा ढीग होता, एक मोडकी खुर्ची होती. रडायला डोळ्यांत पाणी येईना, धगीने वाळत होतं. ठकी कुंपणावरून हे सगळं बघत होती. भिंत गार झाल्यापासून ती खोलीत फिरकली नव्हती, तापल्या पत्र्याखालीच असायची, मांजरांच्या तऱ्हा. दूध मागायला ती पायांत आली तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी खडा उचलून मारला. ठकी लांब उभी राहून बघत राहिली. त्यांनी दुसरा मारला, मोठा. "जा ना मेले," त्या म्हणाल्या, "जा कुठे जायचं तिथे." मग त्यांनी तोंडाला पदर गुंडाळला आणि शेजारी गेल्या.

शुभांगीबाईंच्या घरात पाऊल टाकताच गार लागलं. कोपऱ्यात रद्दीचा गठ्ठा छातीएवढा उंच पांढरा झाला होता, आणि त्याला टेकून इरा बाहुलीचे केस विंचरत होती. घामोळ्या पार गेल्या होत्या. ज्योत्स्नाबाईंनी सगळं सांगितलं, बुवाच्या नाकापासून नवऱ्याच्या खोकल्यापर्यंत. काही लपवलं नाही.

शुभांगीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "वयनी, दिलेलं विरजण कोणी वापस मागते का?"

"शुभांगी, हे विरजण नाही गं. हे मरण आहे. मीच दिलं, मीच मागून राहिले. पाया पडते तुझ्या."

"मरण तर बाहेरही आहे ना जी." शुभांगीबाईंचा आवाज चढला नाही. "समोरच्या आळीत काल दोन म्हातारे गेले, उन्हानं. त्यायच्या घरी हे नव्हतं. हे काढलं तर माही इरा आज जाईन. ठेवलं तर कधी जाईन, कोण सांगावं? तुम्ही आजचं सांगा मले. उद्याचं नका सांगू."

ज्योत्स्नाबाईंनी इराकडे पाहिलं. इराने बाहुली खाली ठेवली आणि ती एकदा, अगदी हलकंसं, खोकली. दोघी बायकांनी ते ऐकलं. शुभांगीबाईंनी पटकन तिला उचलून छातीशी धरलं आणि ज्योत्स्नाबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना तिथे उभं राहवेना.

"अजून कोणाला दिलं तू?" त्यांनी दारातून विचारलं.

"मागितलं त्यायले दिलं," शुभांगीबाई म्हणाल्या. "नाही कसं म्हणू? त्यायनंही दिलंच असंन पुढे."

घर येईपर्यंत ज्योत्स्नाबाईंचे पाय पोळले. चपला शेजारीच राहिल्या होत्या. वाटेत प्रत्येक घराच्या खिडकीकडे त्या बघत होत्या. गल्लीत भर दुपारी रडं नव्हतं, कण्हणं नव्हतं. घराघरातून माणसं गाढ झोपल्याची शांतता होती.

हेमराजराव जागे होते. डावा हात मागे टाकून ते भिंत चाचपत होते, आणि बोटांना पांढरं लागलं होतं. ज्योत्स्नाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. पुस्तकं गेली म्हणून सांगितलं. मी पाणी मारलं म्हणून सांगितलं. बुवा गेला, आणि तुमच्या छातीत जे घरघरतंय तेही तेच आहे, आणि माझ्याही येईल, आणि ऋताला येऊ नको म्हटलं. "काढू का हो ही भिंत?" त्यांनी विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं करते."

हेमराजराव खोकले. खोकला थांबेपर्यंत बराच वेळ गेला. मग त्यांनी मान फिरवून, जेवढी फिरत होती तेवढी, सगळ्यात वरच्या फळीकडे पाहिलं. तिथला पांढरा रंग पिवळा पडायला लागला होता, कडा वाळून चुरगळत होत्या. बुरशी भुकेली होती. खोलीत सकाळपेक्षा गरम वाटत होतं, हे ज्योत्स्नाबाईंच्याही आता लक्षात आलं.

"नको," ते म्हणाले.

ज्योत्स्नाबाईंनी डोळे पुसले. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला, कादंबरी आणली, चष्मा लावला. गलबत आलं की नाही हे कळायला अजून चांगला जाड भाग बाकी होता. "वाचू ना?"

हेमराजरावांनी डावा हात पुढे केला. "दे."

त्यांना वाटलं, हातात धरायचं असेल. त्यांनी पुस्तक दिलं. हेमराजरावांनी ते छातीवर घेतलं, त्याच्यावरून बोटं फिरवली, आणि मग त्या एका हाताने ते ढकलत ढकलत उशीच्या मागे, भिंतीच्या दिशेने न्यायला सुरुवात केली. ते पोचत नव्हतं. ते पुन्हा म्हणाले, "दे."

"अहो, हे संपलं नाही अजून," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "थांबा, निदान शेवट तरी वाचते. दोनच पानं. काय झालं ते कळेल ना तुम्हाला?"

हेमराजरावांनी बायकोकडे पाहिलं. झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

"नको," ते म्हणाले.

ज्योत्स्नाबाईंनी कादंबरीचं वरचं प्लॅस्टिक काढलं, पानं सुटी केली, आणि त्यांच्या डोक्याशी असलेल्या फळीत नीट पसरून ठेवली.